उन्हाळ्यातले आपले सरपटणारे शेजारी

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात वाचून दाखवलेल्या भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात बोलाल का, असे समितीने विचारले तेव्हा आम्ही लगेच हो म्हटले. मग विचारणा झाली, "विषय काय लिहायचा पत्रिकेवर?" आम्ही म्हटले, "साप, सरडे आणि बेडूक." मंडळी हसली. त्यांचेही चुकले नाही. या सभागृहात आजवर शिक्षणावर भाषणे झाली, आरोग्यावर झाली, व्यसनमुक्तीवर झाली. पण सरड्यावर बोलायला कुणी उभे राहिलेले नाही. परंतु बंधू-भगिनींनो, हा विषय आपल्या घरातला आहे. आपली वस्ती साताऱ्याच्या कडेला. पाठीमागे ओढा, ओढ्यापलीकडे जुनी विहीर आणि तिच्यापुढे माळ. उन्हाळा आला की आपण अंगणात अंथरूण टाकतो, लेकरे आंब्याखाली खेळतात, बायाबापड्या पहाटे अंधारात सरपण आणायला जातात. त्याच वेळी हे जीवही आपापल्या पोटापाण्याला बाहेर पडलेले असतात. गाठ पडते, ती उगाच नाही.

आम्ही म्हणजे वस्तीतील आठ-दहा जण. त्यात दोन शिक्षिका आहेत, एक एसटीतून निवृत्त झालेले काका आहेत, एक रोपवाटिकेत काम करणारा भाऊ आहे, बाकी शाळा-कॉलेजची मुले. आमच्यापैकी कुणीही प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही आणि कुणीही सर्पमित्र नाही. मग आम्ही या भानगडीत का पडलो, ते आधी सांगितले पाहिजे.

२०२४ सालच्या मार्चमध्ये विहाराच्या मागच्या मोरीजवळ एक साप निघाला. काळसर तपकिरी अंग, त्यावर पांढरट आडवे पट्टे. कुणीतरी ओरडले, "मण्यार! मण्यार!" पाच-सहा जण काठ्या घेऊन धावलो आणि मारून टाकला. मारणाऱ्यांत आमच्यापैकीही दोघे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. साप मारून झाल्यावर नववीतली एक मुलगी वाचनालयातून चित्रांचे पुस्तक घेऊन आली. मेलेल्या सापाकडे बघत, पाने उलटत ती म्हणाली, "काका, हा मण्यार नाही. हा कवड्या आहे. याला विषच नसतं." कुणी काही बोलले नाही. एकेक जण काठी टाकून घरी निघून गेला.

त्या रात्री आम्हाला २०१९ सालच्या मे महिन्यातली गोष्ट आठवली. आपल्या गल्लीतल्या एका मावशींना खरोखरची मण्यार चावली होती, आणि तेव्हा मात्र आमच्यापैकी कुणालाही ते ओळखता आले नव्हते. ती हकीकत पुढे येईलच. आत्ता एवढेच सांगतो, की जिथे भिण्याचे कारण नव्हते तिथे आम्ही काठी उचलली आणि जिथे धावपळ करायला हवी होती तिथे वेळ घालवला. दोन्हीच्या मुळाशी एकच होते. आम्ही या जीवांना आयुष्यभर भीत आलो, पण धडपणे कधी पाहिले नाही.

म्हणून ठरवले, या उन्हाळ्यात नुसते पाहायचे. एक शंभर पानी वही घेतली. तिच्यात तारीख, वेळ, जागा, काय दिसले आणि ते काय करत होते, असे रकाने आखले. नियम मोजकेच केले. कोणताही साप पकडायचा नाही, काठीने डिवचायचा नाही, दहा पावलांच्या आत जायचे नाही. दगड उलटायचा नाही. एकट्याने जायचे नाही. पायात बूट आणि रात्री हातात बॅटरी हवीच. लहान मुलांनी मोठ्यांशिवाय ओढ्याकडे फिरकायचे नाही.

पहिल्या पंधरा दिवसांत वही सरड्यांनीच भरली. आपल्या कुंपणावर बसतो तो साधा सरडा. उन्हे वाढू लागली की नराचे डोके आणि गळा लालभडक होतो. तो उंच जागी बसतो आणि जोर-बैठका काढल्यासारखे अंग वरखाली करतो. लहानपणी आम्ही काय ऐकले होते? सरडा लांबूनच माणसाचे रक्त शोषतो, म्हणून लाल होतो. त्यापायी किती सरडे दगडांनी मारले असतील, त्याची मोजदाद नाही. खरी गोष्ट अशी, की तो विणीचा रंग आहे. मादीला दिसावे आणि दुसऱ्या नराने आपल्या जागेत येऊ नये, यासाठी त्याची ती धडपड असते. वीण संपली की रंग उतरतो. त्याचे खाणे म्हणजे मुंग्या, नाकतोडे, अळ्या, किडे. पुढे मादी मऊ जमिनीत खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि माती लोटून अशी बेमालूम बुजवते की जागा सापडू नये. आमच्या काकांनी हे पाहिले, तेव्हा ते अर्धा तास उन्हात उभे होते. घरी बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

वेळेचा रकाना भरत गेला तशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी आठ-नऊपर्यंत सरडे, सापसुरळ्या उन्हात अंग शेकत बसलेल्या दिसत. भर दुपारी मात्र पान हलत नसे. पुन्हा ऊन कलल्यावर हालचाल. याचे कारण असे, की या प्राण्यांच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब टिकत नाही. ऊब बाहेरून घ्यावी लागते आणि उष्णता जास्त झाली तर लपावे लागते. उन्हाळ्यात साप "तापून बाहेर पडतात" असे आपण म्हणतो, पण तापलेल्या जमिनीवर साप थांबत नाही. तो गारवा शोधतो. रांजणाखालची ओल, मोरी, विटांचा ढीग, गोवऱ्यांची रास, हे त्याचे आसरे. तो आपल्या घरात आपला वैरी म्हणून येत नाही. सावली आणि उंदीर हवे असतात, म्हणून येतो.

सापसुरळीचे नाव निघाले म्हणून सांगतो. तिच्यासारखे विषारी काही नाही, असे आपल्याकडे ठाम मानतात. तिला विष नाही. पालीलाही नाही. पाल चुकचुकली म्हणून कामाला जायचे थांबणारे आणि अंगावर पडली म्हणून अंघोळ करणारे आपल्यातही आहेत. पाल दिव्याजवळचे किडे खाते आणि तिचा आवाज हा दुसऱ्या पालींसाठी असतो. तुमच्या मुलाखतीचे तिला काही ठाऊक नसते.

एप्रिलमध्ये एका रविवारी आम्ही चाळकेवाडीला गेलो. ठोसेघरपर्यंत एसटीने आणि पुढे वडापने. ओसाड दिसणारे ते पठार, वर पवनचक्क्या फिरताहेत, खाली जांभ्या दगडाचा कातळ आणि वाळलेले गवत. मुले म्हणाली, "इथं काय बघायचं?" आणि तेवढ्यात एका दगडावर वीतभर लांबीचा एक मातकट सरडा चढला, त्याने मान वर केली आणि गळ्याखाली पंखा उघडला. निळा, काळा आणि केशरी! उघडला, मिटला, पुन्हा उघडला. समोरच्या दगडावर दुसरा नर, त्यानेही पंखा उघडला. सगळी मुले गप्प झाली.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट आपण सातारकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. या पंखावाल्या सरड्यांचा अभ्यास करून भारतीय शास्त्रज्ञांनी २०१६ साली त्यांच्यातल्या काहींचा एक नवा गट जगापुढे मांडला आणि त्या गटाचे शास्त्रीय नावच ठेवले 'सरडा'! आपला मराठी शब्द. आपल्या पठारावरच्या या जातीचे पूर्ण नाव 'सरडा सुपर्बा'. जगात कुठेही या प्राण्यावर लिहिणाऱ्याला आता 'सरडा' हा शब्द लिहावा लागतो. आपण ज्याला "रंग बदलणारा" म्हणून शिवी देतो, त्याचा हा मान.

याच पठारावर पवनचक्क्यांचा काय परिणाम होतो, याचाही अभ्यास झाला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी फार कमी येतात. जिथे त्या नाहीत, त्या भागाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. पक्षी कमी झाले म्हणून सरडे वाढले. वरवर पाहता सरड्यांचे बरे झाले. पण संख्या वाढली तशी खाण्यासाठी चुरस वाढली, सरडे अंगाने रोड झाले, नरांचे रंग फिके पडले आणि माणूस जवळ आला तरी ते लवकर पळेनासे झाले. वीज आपल्याला हवीच आहे, पवनचक्क्यांना नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही. एक धागा ओढला की कुठवर हलते, ते कळावे म्हणून सांगतो.

परतताना मात्र मन खट्टू झाले. वाटेत एक डोंगरउतार नुकताच जळालेला होता. गवत चांगले येते या समजुतीने डोंगराला काडी लावण्याची आपल्याकडे खोड आहे. राखेत सापसुरळ्या आणि सरडे कोळसा होऊन पडलेले दिसले. एक घोरपड अर्ध्या बिळात जाऊन तशीच मेली होती. पक्षी उडून जातात, सशाला पळता येते. जमिनीला पोट लावून चालणाऱ्याला वणव्यापुढे जागा नसते. त्या दिवशीच्या वहीत एका मुलाने फक्त एवढेच लिहिले आहे : "आज बघितलेलं सगळं मेलेलं होतं."

एप्रिलच्या अखेरीला ओढा आटला आणि सगळी वर्दळ जुन्या विहिरीवर आली. तिथे दिवड भेटली. पाण्यात डोके तेवढे वर काढून बसायचे आणि मासा-बेडूक दिसला की झडप घालायची, हा तिचा धंदा. डिवचली तर मान चपटी करते, म्हणून लोक तिला नाग समजून मारतात. ती चावते, रक्तही निघते, पण तिला विष नाही.

आणि विहिरीच्या बांधावर एका सकाळी आम्ही जे पाहिले, ते जन्मभर लक्षात राहील. दोन लांबलचक साप एकमेकांना पीळ घालून हात-दीड हात उभे राहत होते, पडत होते, पुन्हा उभे राहत होते. बघताबघता गर्दी जमली. कुणी म्हणाले, "नाग-नागिणीचं लग्न लागलंय, नवं कापड टाका, बरकत येते." एक वहिनी घरातून ब्लाऊजपीस घेऊनही आल्या. आम्ही त्यांना हात जोडून थांबवले. त्या दोन्ही धामणी होत्या. धामणी म्हणण्यापेक्षा दोन्ही धामण जातीचे नर होते, आणि ती त्यांची कुस्ती होती. विणीच्या दिवसांत मादीसाठी नर असे झुंजतात. जो दुसऱ्याचे डोके खाली दाबतो, तो जिंकतो. चावाचावी जवळजवळ होत नाही. धामण ही नागाची मादी, असा आपल्याकडे समज आहे. पण नागात नर-मादी असतात आणि धामणीतही नर-मादी असतात. ती वेगळी जात आहे. तिला विष नाही, ती म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पीत नाही, कारण सापाला दूध हे अन्नच नाही. ती उंदीर खाते. ज्या शेतकऱ्याचे धान्य उंदराच्या पोटात जाते, त्याने धामणीला मारणे म्हणजे राखणदाराला मारणे. आमचे काका त्या वहिनींना म्हणाले, "वहिनी, पैलवानांच्या अंगावर ब्लाऊजपीस कशाला टाकताय?" सगळे हसले, आणि त्या हसण्यात बरेच काम झाले.

मे महिन्यात आम्ही रात्री फिरलो. मण्यारीचा तो वेळ. आता २०१९ ची ती हकीकत सांगतो. मावशींचे नाव सांगत नाही, त्या आज आपल्यात बसलेल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच बोलतो आहोत. उकाड्यामुळे त्या जमिनीवर चटई टाकून निजल्या होत्या. पहाटे तीनच्या सुमारास पोटात कळा सुरू झाल्या. घरच्यांना वाटले, रात्रीचे कालवण बाधले. ओवा दिला, सोडा दिला. हळूहळू पापण्या मिटू लागल्या. त्या म्हणाल्या, "झोप येतीया." मग गिळता येईना. तरी आमच्यातल्या शहाण्यांनी आधी त्यांना बाहेरचे काही झाले असेल म्हणून एका मांत्रिकाकडे नेले. तिथे तास गेला. शेवटी चटई झटकताना साप सापडला, तेव्हा धावपळ करून सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी लस दिली, श्वासासाठी नळी घातली आणि चार दिवसांनी मावशी डोळे उघडून बोलल्या. आणखी तासभर उशीर झाला असता तर आज त्या इथे नसत्या.

मण्यारीचे वागणेच तसे. ती रात्री फिरते, उंदराच्या, पालीच्या, दुसऱ्या सापांच्या मागावर घरात येते. जमिनीवर निजलेल्या माणसाचा हात-पाय तिच्या अंगावर पडला तर चावते. चावा मुंगीसारखा, कधी तर जागही येत नाही. सूज नाही, खूण नाही. म्हणून बायांनो, बाप्यांनो, उन्हाळ्यात-पावसाळ्यात जमिनीवर निजलेल्या माणसाच्या पोटात पहाटे अचानक दुखू लागले आणि पापण्या जड झाल्या, तर ओवा शोधत बसू नका. गाडी शोधा. शक्यतो खाटेवर निजा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा.

आपल्या भागात माणसाच्या जिवावर उठणारे प्रमुख साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आपल्याकडे मिळणारी लस या चारांच्या विषावर चालते. देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी, आणि पुष्कळशी घरातच गेलेली. सुमारे निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या काळातले. म्हणजे उन्हाळ्यात आपण जे शिकू, ते पावसाळ्यात उपयोगी पडते. चावल्यावर काय करायचे? जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून दोरी बांधायची नाही. अंगठी, बांगड्या, जोडवी काढून ठेवा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, धीर द्या आणि १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. मांत्रिकाकडे माणसे बरी होतात, असे म्हणणाऱ्यांना आमचा एकच प्रश्न आहे : त्याला चावलेला साप कोणता होता? बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. अशी माणसे कशानेही बरी होतात. मण्यारीच्या माणसाला मंत्र पोचत नाही.

आता कवड्या आणि मण्यारीतला फरक. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे डोक्यापासून थोडे मागे सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीपर्यंत ठळक राहतात. पण हे ज्ञान लांबून वापरायचे. शंका असेल तर तो विषारीच समजा, मागे व्हा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मारू मात्र नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या जीवांना संरक्षण आहे. मांडूळ, ज्याला आपण दुतोंड्या म्हणतो, त्याच्यापायी गुप्तधनाच्या आणि लाखो रुपयांच्या गप्पा मारत काही लोक फिरतात. तसे कुणी आपल्या पोरांना गाठले तर त्यांना सावध करा. मांडूळ गरीब, बिनविषारी साप आहे, त्याचे दुसरे तोंड म्हणजे शेपूट. पैसा कुणाला मिळत नाही, पोरे तेवढी तुरुंगात जातात.

साप बिळे करत नाहीत, हेही सांगायला हवे. "आयत्या बिळावर नागोबा" ही म्हण शास्त्राला धरून आहे. वारूळ वाळवीचे, बीळ उंदराचे. नागीण उन्हाळ्याच्या अखेरीस अशाच जागी अंडी घालते आणि त्यांच्याजवळ राहते. घोणस तर अंडी घालतच नाही, ती पिलांना जन्म देते, एकावेळी वीस-तीसही. ती पिले पावसाच्या तोंडावर दिसू लागतात आणि जन्मतःच विषारी असतात. घोणशीला अजगराचे पिल्लू समजून हात लावणारे पुष्कळ आहेत. अंगावर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला, तर तिथून निघा. माळावर दगड उचलताना फुरश्याची आठवण ठेवा. आधी काठीने हलवा, मग हात घाला.

आता बेडकांकडे वळतो. मार्च ते मे वहीत बेडूक फारच थोडे. एका ताईंच्या न्हाणीघरात माठामागे चिकटून बसलेला एक झाडबेडूक महिनाभर मुक्कामाला होता. ताई पहिल्या दिवशी किंचाळल्या. महिन्याअखेरीस त्याच्यावर पाणी शिंपडू लागल्या. बाकीचे कुठे होते? जमिनीत. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून घेतो. कातडी सुकली तर मरतो. म्हणून काही जाती मागच्या पायांनी उलटे सरकत माती उकरतात, ओलाव्यापर्यंत खाली जातात आणि पाऊस येईपर्यंत हालचाल थांबवून पडून राहतात. नांगरताना ढेकळातून गोल चेंडूसारखा बेडूक निघतो, तो हाच. त्याला परत मातीत ठेवा.

आणि मग मृग लागला. पहिला जोराचा पाऊस झाला त्या रात्री आम्ही छत्र्या घेऊन माळावरच्या डबक्यावर गेलो. काल जिथे फुफाटा होता, तिथे इतका गलका की शेजारच्याचे बोलणे ऐकू येईना. मोठ्या बेडकांचे नर हळदीच्या रंगाचे झाले होते आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगत होते. तीन महिने मेल्यासारखी पडलेली जमीन बोलत होती. याच बेडकांच्या तंगड्या एकेकाळी आपल्या देशातून टनांनी परदेशी जात. बेडूक घटल्याने शेतातली कीड वाढेल, ही भीती खरी ठरू लागली तेव्हा १९८७ साली ही निर्यात बंद झाली. आज त्यांना आपल्या फवाऱ्याची औषधे आणि बुजवलेली डबकी मारतात. जी कातडी पाणी आत घेते, ती विषही आत घेते.

त्या रात्री परतताना रस्त्यावर इतके बेडूक होते, की पाऊल कुठे टाकावे कळेना. तेव्हा आमच्यातल्या आजी म्हणाल्या, "म्हणून तर वर्षावास." पावसात वाट चालताना हिरवे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात, अशी तक्रार लोकांनी केली आणि भगवंतांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. हे आम्ही दरवर्षी ऐकत होतो. त्या रात्री पाय उचलताना ते कळले. अहिराज सुत्ताचेही तसेच. एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावला, तेव्हा सर्पकुळांविषयी मैत्री बाळगण्याचा उपदेश भगवंतांनी केला. माणूस मेल्यावरही मारण्याचा सल्ला दिला नाही. मात्र मैत्री म्हणजे सापाच्या तोंडात हात देणे नव्हे, आणि दवाखान्याऐवजी पाठ म्हणणेही नव्हे. अंतर राखून, नीट ओळखून, त्याला त्याच्या वाटेने जाऊ देणे, ही आमच्या समजुतीप्रमाणे आपल्याला जमण्याजोगी मैत्री आहे.

आता आवरते घेतो. वही भरली तेव्हा तिच्यात पंधरा-सोळा जातींची नावे होती. चार महिन्यांत एकदाही कुणाला साप चावला नाही आणि कुणी सापाच्या अंगावर गेले नाही. पण आमच्या लेखी मोठी गोष्ट पुढच्या वर्षी घडली. २०२५ च्या मे महिन्यात त्याच मोरीजवळ पुन्हा साप निघाला. पुन्हा आरडाओरडा झाला, पुन्हा दोन काठ्या आल्या. पण काठी उगारण्याआधी कुणीतरी म्हणाले, "थांबा, आधी बघू तर." ते शब्द आमच्यापैकी कुणाचे नव्हते. ते त्या मावशींचे होते, ज्यांना मण्यार चावली होती. धामण होती. दहा मिनिटे सगळे लांब उभे राहिले, ती मोरीतून ओढ्याकडे निघून गेली.

समितीला आमच्या तीन विनंत्या आहेत. विहाराच्या फलकावर चार विषारी सापांची चित्रे, १०८ आणि १९२६ हे क्रमांक आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता कायमचा लावावा. विहारामागचा विटांचा ढीग आणि उकिरडा हलवावा, म्हणजे उंदीर हटतील आणि उंदरांमागे येणारेही. आणि आमची वही विहाराच्या वाचनालयात ठेवावी. पुष्कळ पाने कोरी आहेत. येत्या उन्हाळ्यात ज्याला जे दिसेल, ते त्याने तिच्यात लिहावे. लिहिता येत नसेल त्याने सांगावे, आमची मुले लिहून घेतील.